नाकेदाराची मेंढरं

एस.टी. नीरेच्या पुलावर चढली की मी खिडकीतून खाली थुंकते. नात शेजारी असली की माझा पदर ओढते. "आज्जी, लोक बघतात!" बघेनात का. पुलाच्या खालच्या अंगाला, जिथं आता कुणीतरी उसासाठी मोटर बसवली आहे, तिथं पलीकडच्या काठावर नाका होता. दगडी चौथरा, वर पत्रा, आणि वाटेवर आडवा बांबू. नातीला ही नुसती नदी दिसते. आम्हाला ती शीव होती. अलीकडं बारामतीच्या अंगाला इंग्रजांचं राज्य, पलीकडं संस्थानाचं. पाणी एकच, त्यातले मासे दोन्हीकडं हिंडणारे, पण माणसानं आणि मेंढरानं मात्र विचारून ओलांडायचं. साल मला विचारू नका, ते माझ्या ध्यानात नाही. माणसं ध्यानात आहेत, आणि त्यातला एक तर असा आहे की त्याला विसरायचं मी कधी मनावरच घेतलं नाही.

जाताना जकात, येताना जकात. गुळावर, तंबाखूवर, लोकरीवर, नव्या घोंगड्यावर. अंगावर पांघरलेलं मात्र माफ, असा कायदा. म्हणून माझी आई ऐन आश्विनाच्या उकाड्यात चार-चार घोंगडी अंगावर घेऊन नदी उतरायची. तोंड लालबुंद, घाम नाकावरनं ठिबकतोय, आणि बाई नाक्यावर उभी राहून कण्हतीय. नाकेदारानं विचारावं, "काय गं, थंडी वाजते काय?" आणि आईनं दातावर दात आपटत सांगावं, "हिवताप हाय जी सायेब. कवाधरनं उतरंनाच." पलीकडच्या बाजारात पोचली की तिचा हिवताप चार गिऱ्हाइकांच्या खांद्यावर जायचा आणि ती गूळ-मीठ घेऊन परत. आम्ही पोरी हसून हसून लोळायचो. तेवढीच आमची नाक्यावरची मौज. बाकी सगळा जाच.

आमचं घर म्हणायला कन्हेरीला. खरं घर मेंढरांमागं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर चढायचं. तव्या-पातेल्यांचं गाठोडं, रात्री मेंढरं कोंडायचं वाघरीचं जाळं, वर बांधलेली कोंबडी, आणि ती वाटभर डोळे मिटून बसलेली. नदी उतरून संस्थानी डोंगरात सहा-सात महिने काढायचे आणि उन्हाळा सरता सरता परत यायचं. रोज नवं रान, पण संध्याकाळ रोज तीच. दिवसभर मागं राहिलेली कोकरं आयांचा वास आला की जो कालवा करायची, त्यात शेजारी बोललेलं ऐकू यायचं नाही. शेकडो आया, शेकडो पोरं, आणि प्रत्येकीनं आपापलं बरोबर हुडकून काढायचं. त्या गोंधळात आई तीन दगडांवर हुलग्याचं माडगं रटरटत ठेवायची. बाजरीची भाकरी मेंढीच्या दुधात कुस्करून, वर लसणाचा ठेचा. आता माझ्या सुना मला मऊ भात घालतात, डॉक्टरनं सांगितलं म्हणून. खाते बापडी. पण जीभ अजून त्या ठेच्याला सोकावलेली आहे.

आमच्यात प्रत्येक घराची कानाची खूण असते. कुणाची उजव्या कानाला दोन चिरा, कुणाचा कान मधोमध फाडलेला. आमची खूण, डाव्या कानाचं टोक उडवलेलं आणि उजव्याला खालून एक खाच. कोकरू जरा टणक झालं की घरच्या कर्त्या माणसानं कान करायचे, दुसऱ्या कुणी चाकू धरायचा नाही. कापल्या जागी बिरोबाचा भंडारा दाबायचा. मग ते जनावर कुठंही जाऊ दे, दहा कळपांत मिसळू दे, कुणीही धनगर कान बघून सांगणार की हे कन्हेरीच्या अमक्याचं. यावरनं आमच्यात कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. कान बघायचा आणि गप आपलं आपलं घेऊन जायचं.

आणि आमच्या कळपाला म्होरक्या होता, हौश्या. त्याची आई तो जन्मल्या दिवशीच मेली, म्हणून मी त्याला शेळीच्या दुधावर वाढवला. मी परकर सोडून लुगडं नेसायला लागले तोवर तो एवढा दांडगा मेंढा झाला होता, की त्याच्या गळ्यात हात घातला तर हाताला हात लागायचा नाही. पुढं हौश्या, मागं सगळं खांड. तो पाण्यात शिरला की बाकीची डोळे मिटून शिरायची, तो थांबला की थांबायची. आबा, म्हणजे माझे वडील, हाळी घालायचे, "हुर्रऽ याऽ याऽ," आणि हौश्या मान वर करायचा. आबांची हाळी एका टेकडीवरनं दुसऱ्या टेकडीवर जायची. माझी एवढी नाही जायची. पण हौश्याला माझी पुरायची.

आता त्या नाकेदाराबद्दल. त्याला सगळे बापूसाहेब म्हणायचे. कोट, धोतर, तांबडी पगडी, आणि उन्हाळा असो हिवाळा असो बगलेत छत्री. दरबारची जकात वेगळी आणि बापूसाहेबांचं एक वेगळं. म्हणजे प्रत्येक कळपातलं एक मेंढरू. त्याची पावती नाही, काही नाही. आधी तो ती खायचा. मग त्याला हाव सुटली. नाक्यामागं कुंपण घालून त्यानं माद्या पाळायला सुरुवात केली. प्रत्येक खांडातली एकेक करत चांगला कळप झाला, कोकरं झाली, राखायला गडी ठेवला. एकदा आमचं जनावर त्याचा गडी ओढून नेत असताना आबा भोळेपणानं म्हणाले, "सायेब, तुमी कान तरी करून घ्या. समदी आमच्याच खुणंची हायेत. उद्या मिसळली तर वळखायची कशी?" त्यावर नाकेदार पोट हलवत हसला. "अरे, खुणा तुम्हा लोकांना लागतात. मी काय धनगर आहे? माझ्या नाक्यावर आहे ते माझं." आबांनी मुंडासं सारखं केलं आणि पुढं झाले. मी मागं होते. ते वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं.

त्या वर्षी मेंढरांवर देवीची साथ आली. अंगभर फोड यायचे आणि जनावर दोन दिवसांत आडवं व्हायचं. दोन्हीकडच्या सरकारांनी दवंडी पिटली, की दाखल्याशिवाय एकही मेंढरू नदी ओलांडणार नाही. पलीकडचा दाखला नाकेदारानं द्यायचा, अलीकडचा आमच्या पाटलानं. हुकूम वाईट नव्हता हो, रोग खरा होता. पण हुकूम कुणाच्या हातात पडतो त्यावर सगळं असतं. आम्ही डोंगरातनं परत आलो तेव्हा आमच्या खांडात एकालाही फोड नव्हता. नाकेदारानं एकाही जनावराला हात न लावता सांगितलं, "थांबा. रोग आहे का बघायला हवं." नदीच्या वाळवंटात चारा नाही, सावली नाही. माद्या आटल्या, कोकरं रिकाम्या सडाला ढुसण्या देऊ लागली. आबा रोज चौथऱ्यापुढं हात जोडून उभे. शेवटी गड्याकरवी निरोप आला की बापूसाहेबांना हौश्या हवा आहे. त्याच्या कळपाला म्होरक्या नव्हता, मेंढरं गड्याचं ऐकत नव्हती, म्हणून.

"दुसरं कुठलंबी घ्या, सायेब," आबा म्हणाले. "दोन घ्या, चार घ्या. ह्यो म्होरक्या हाय. ह्याच्याबिगर माजी मेंढरं पाण्यात पाय घालायची न्हाईत."

"मग नका घालू. राहा इथंच," नाकेदार म्हणाला आणि पान लावायला बसला.

त्या दिवशी पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. वर घाटात पाऊस झाला असणार. आई म्हणाली, "द्या त्येला. पानी चढतंय. आता न्हाय उतारलो तर हितंच मरू." आबांनी हौश्याची दोरी स्वतःच्या हातानं गड्याला दिली. मी दात-ओठ खात उभी होते. बांबू वर गेला. मेंढरं काठावर येऊन थबकली. आबांनी एक म्हातारी मादी उचलून पाण्यात नेली, आई आणि मी मागनं रेटतोय, कुत्री भुंकतायत, कशीबशी शिरली. निम्म्या नदीत पोचली आणि मागं नाक्यावर बांधलेला हौश्या ओरडला. एकदाच. झालं! सगळ्या कळपानं माना वळवल्या. त्याच्याकडं निघाली बिचारी, मागचीवर पुढची चढली, भोवरा झाला, आणि लोंढ्यानं उचलली. आबा छातीभर पाण्यात हाळी घालतायत, घालतायत, आणि मेंढरं त्यांच्या हातावरनं निसटून खाली चाललीयत. चौथऱ्यावरनं नाकेदाराचा आवाज आला, "आटपा लवकर. बांबू पाडायचा आहे."

निम्म्याहून जास्त खांड गेलं. वाहून आलेली खालच्या बाभळींना अडकलेली आम्ही दोन दिवस काढत होतो. आबांनी त्यानंतर हाळी घातली नाही. हाळीच काय, बोलणंही सोडलं. "हं" आणि "न्हाय" एवढंच. एका बागायतदाराच्या उसात खुरपायला जाऊ लागले, पोरीबाळींच्या ओळीत बसून. आयुष्यभर उभा हिंडलेला माणूस! बागायतदार म्हणाला, दसऱ्याला उरलेली मेंढरं मला विका आणि सालानं राहा. आबा "हं" म्हणाले. आईनं ते ऐकलं आणि चुलीपुढं टकळी आपटली. "इकायची न्हाईत. मी मेल्याबिगर इकायची न्हाईत." माझं लग्न लासुर्ण्याला ठरलं होतं, ते लोकही वाट बघत थांबले होते, पण माझं चित्त लग्नात नव्हतं. मला फक्त तो माणूस दिसायचा, पानाला चुना लावणारा. लोक म्हणतात राग बाईच्या जातीला शोभत नाही. मला तर त्या सहा-सात महिन्यांत रागानंच जगवलं.

नदी उतरली, तळ दिसायला लागला. मी धुण्याच्या निमित्तानं रोज काठावर जाऊन बसायची. दुपारी नाकेदाराचा गडी कळप पाण्यावर आणायचा. पुढं हौश्या, गळ्यात दोरी, दोरीचं टोक गड्याच्या मनगटाला. मागं सगळी मेंढरं त्याच्या चालीनं. मला बघून तो मान वर करायचा, आणि मी तोंडात लुगड्याचा बोळा घालून गप बसायची. आवाज काढायची अजून वेळ नव्हती. एक दिवस मी आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठली, भंडारा कपाळाला लावला आणि मला घेऊन पाटलाच्या ओसरीवर गेली.

आमचे पाटील, तात्या, तसे सरकाराला घाबरून असणारे. पण त्यांच्या लेकीचं लग्न संस्थानात झालं तेव्हा नाकेदारानं रुखवतातल्या लाडूंवर जकात मागितली होती, टोपली उघडून, वऱ्हाडादेखत. तात्या तेव्हापासून दात ठेवून होते. त्यांनी आईचं ऐकलं, मिशीवरनं हात फिरवला, आणि मला म्हणाले, "पोरी, नीट ऐक. नदीत एक पाऊल टाकायचं न्हाय. कुनी टाकायचं न्हाय. मेंढरू हाकलून आनलं तर चोरी हुती. पन मेंढरू आपल्या पायानं घरला आलं, तर त्येला मी काय करू? हुकूम मानसाला हाय, त्येला वाचता कुठं येतंय?"

साथीचा हुकूम अजून उठला नव्हता, म्हणून दिवाळी होऊनही कुणाचं बिऱ्हाड नदीपलीकडं गेलं नव्हतं. ठरल्या दिवशी अलीकडच्या बाभळींखाली सगळी धनगर घरं येऊन बसली. ज्यांचं ज्यांचं म्हणून बापूसाहेबांनी एक नेलं होतं, ते बहुतेक सगळे आले होते. आबांना आईनं हाताला धरून आणलं. ते खोडाला टेकून खाली बघत बसले. तात्या एका खडकावर, जणू वारा खायला आलेत. मी काठाच्या अगदी टोकाला उभी राहिले, हातात भाकरीचा तुकडा. पाय पाण्याच्या बाहेर, कटाक्षानं बाहेर.

गडी आला. मेंढरांनी पाण्याला तोंडं लावली. मी पोटातनं आवाज काढला, "हुर्रऽ याऽ याऽ, हौश्याऽऽ!"

हौश्यानं मान वर केली. कान फडकवले. आणि असा सुटला की गडी दोन पावलं तोंडावर फरफटला, मग मनगटाची दोरी सुटली म्हणून वाचला. हौश्या पाण्यात, आणि त्याच्या मागं सगळा कळप. गडी आडवा झाला तर त्याच्या दोन्ही बाजूंनी. कोकरं बावरून ओरडत आयांच्या मागं. गुडघाभर तर पाणी! मी काही बोलत नव्हते, फक्त भाकरी पुढं धरली होती. हौश्यानं माझ्या पोटात ढुशी दिली आणि मी मटकन वाळूत बसले. अंगावरनं मेंढरंच मेंढरं गेली. मी रडत होते की हसत होते, मला अजून सांगता येत नाही.

तोवर नाकेदार चौथऱ्यावरनं धावला. पगडी वाकडी, धोतर वर खोचलेलं, छत्री हातात. पाण्यात शिरला. नदीच्या मधोमध शिवेचा दगड होता, चुना लावलेला. तिथं आला आणि तात्यांनी खडकावरनं हाक दिली, "रामराम, बापूसायेब! सरकारी कामाला आलाय का खाजगी? सरकारी असंल तर आमच्या हद्दीत यायचा परवाना दावा."

तो दगडापाशीच थांबला. "पाटील, माझी मेंढरं! परत हाका, एकूण एक!"

"हाकतो की. पन साथीचा हुकूम हाय. दाखल्याबिगर हितनं मेंढरू पलीकडं जात न्हाय, तुमास्नी ठावं हाय. दाखला मी देतो. दाखल्यावर मालकाचं नाव लागतं. कुनाची म्हनून लिवू?"

"माझी! नाकेदार सांगतोय, माझी!"

"बरं. खूण काय तुमची?"

नाकेदार एका मेंढराकडनं दुसऱ्याकडं बघायला लागला. मग तात्या वळून म्हणाले, "बघा रं कान." आणि बाभळीखालची सगळी माणसं उठली. कुणी आरडाओरडा केला नाही. एकेक जण पुढं झाला, कान बघितला, दोन चिरा, ही माझी. मधोमध फाडलेला, ही आमच्या चुलत्याची. बिगीबिगी वाटणी झाली. जे आले नव्हते त्यांची त्यांच्या भावकीनं धरली. नाकेदार गुडघाभर पाण्यात उभा राहून बघत होता, त्याच्या लांब कोटाचं टोक पाण्यावर तरंगत होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी या डोळ्यांनी बघितलं. इतकं समाधान मला पुढं लग्नात नाही, पोराच्या बारशाला नाही, कशातच झालं नाही. खोटं कशाला बोलू?

आपापली घेऊन झाली आणि वाळूत कोकरं उरली. नाकेदाराच्या कुंपणात जन्मलेली, कोरे कान असलेली. ती त्याला तिथनं दिसली. त्याचा आवाज उतरला होता. "पाटील, ती तरी माझी. त्यांच्या कानाला कुणाचीच खूण नाही. माझ्या दारात जन्मलीत ती. तेवढी तरी द्या. दरबारात मला तोंड दाखवायचं आहे." खरं होतं ते. दरबारनं विचारलंच असतं, की नोकरी करता करता एवढं खांड आलं कुठनं आणि गेलं कुठं. पुढं विचारलंही, आणि बापूसाहेबांची पगडी नाक्यावर पुन्हा कुणाला दिसली नाही. पण त्या घडीला तात्या घुटमळले. ते माझ्याकडं बघायला लागले, आईकडं बघायला लागले. कायद्यानं त्या माणसाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

गोष्ट इथं आली की माझी नात विचारते, "आज्जी, मग तुला दया नाही आली?" तिच्या शाळेत असलं शिकवतात. मी तिला सांगते, बाई, चौथऱ्यावरनं "आटपा लवकर" म्हणणाऱ्याला पाण्यात उभं केलेलं बघायला मी सात महिने उपाशी होते. मला भूक होती. दया कुठली?

बाभळीखाली हालचाल झाली. आबा उठले होते. धोतर झटकलं, कनवटीचा चाकू काढला आणि वाळूतनं चालत खाली आले. ज्या माद्या आमच्या होत्या त्यांच्या अंगाला चिकटलेली कोकरं त्यांनी एकेक करून मांडीवर घेतली. डाव्या कानाचं टोक. उजव्याला खालून खाच. आईनं न सांगता भंडाऱ्याची पिशवी पुढं केली. त्यांचं बघून दुसऱ्या घरांचे कर्ते आपापले चाकू काढून आपापल्या माद्यांपाशी बसले. सगळ्या काठावर कोकरांचं ओरडणं आणि पिवळा भंडारा. शेवटचं कोकरू झालं तेव्हा आबांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि नदीकडं तोंड करून धरलं, कानातनं रक्ताचा बारीक थेंब ओघळत होता.

"आता वळखा, सायेब," आबा म्हणाले.

कोकरू त्याच्या आईपाशी सोडलं. चाकू पुसून कनवटीला लावला. हौश्याच्या गळ्यातली नाक्याची दोरी सोडून ती पाण्यात टाकली, नाकेदाराच्या दिशेनं. मग कन्हेरीच्या वाटेकडं वळून, तोंडाला हात लावून, आबांनी हाळी घातली.